एकतीस किलोमीटरची खाजणी

३ एप्रिल
पीएचडीचं सातवं वर्ष. विषय: कोकणातली खाजणी नदी. डोंगरापासून समुद्रापर्यंत एकूण एकतीस किलोमीटर. एवढीशी नदी, ३० जूनपर्यंत सहज उरकेल. नाही उरकली तर रजिस्ट्रेशन रद्द, पाठोपाठ कॉलेजातली हंगामी नोकरीही. तसं होणार नाही. उद्यापासून रोज पाच पानं.

४ एप्रिल
ऊन त्रेचाळीस. लाईट गेली. पानं शून्य. उद्या दहा.

२६ एप्रिल
गाईड चनबसप्पा सरांनी विचारलं, नदी पाहिलीत का? म्हणालो, सॅटेलाइटवरून रोज बघतो. सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. प्रभावित झाले असावेत.

११ मे, खाजणीकाठ
सरांचा हट्ट. बायको शालन शिक्षिका, शाळेला सुट्टी, म्हणून तीही आली. घाटात मला चार उलट्या. फील्डवर्क असंच असतं.
माझ्या नकाशात नदी निळी आहे. इथं वरचे बारा किलोमीटर नुसते गोटे. खाली पंप लावून वाळू उपसलीय. भरतीचं खारं पाणी त्या खड्ड्यांतून थेट गावापर्यंत येतं. प्रकरणं दोन, तीन आणि पाच साफ चुकलीयत.

१२ मे
काठावरच्या सुलभा तांडेल यांनी विहिरीचं पाणी दिलं. थुंकलो. त्या म्हणाल्या, आम्ही हेच पितो. सून याच पाण्यापायी माहेरी गेली ती आलीच नाही. मला राहवलं नाही. म्हणालो, माझा प्रबंध थेट कलेक्टरकडे जाईल. त्यांनी हात जोडले.
वाटेत शालन म्हणाली, असलं काय कबूल करू नका की. तिला संशोधनातलं कळत नाही.

२ जून
सगळं नव्यानं लिहायचं. अठ्ठावीस दिवस आहेत. भरपूर.

२९ जून
पानं अकरा. मुदत मागितली. सर म्हणाले, तीनदा दिली. नळ सोडून रडावं म्हणून बाथरूममध्ये गेलो. आज पाण्याचा दिवस नव्हता. बाहेर सगळं ऐकू गेलं.

१ जुलै
रद्द.

४ जुलै, संध्याकाळ
सुलभाताईंचा फोन. सध्या पाऊस आहे, विहीर गोड आहे, पण फेब्रुवारीत परत खारी होते, त्याच्या आत कलेक्टरांना कळवा म्हणाल्या. मी म्हणालो, कामच चालू आहे.
शालननं फोन हातातून घेतला. म्हणाली, "ताई, ह्यांच्याकडनं काय होणार न्हाई. तुमी सांगा, अर्ज मी लिहिते."
मग मला म्हणाली, जरा पेन बघा.