पाणीवाटपाची गोपनीय वही

३ सप्टेंबर २०१८, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत बत्तीस वर्षं स्टोअर्स सांभाळलं, पण घरी कधी एक शब्द काढला नाही. मी नेमकं काय मोजत होतो हे बायकोला, दुर्गाबाईला, अजून माहीत नाही. (तिनं कधी विचारलं नाही, हा भाग वेगळा.) असा माणूस रिटायर झाला म्हणून भंडाऱ्यात भाजी निवडत बसणार नाही. संकल्प : माझं सॉफ्टवेअर 'जलकवच' महिन्याभरात पूर्ण करायचं. तळ्याचं पाणी कोणत्या शेताला कधी सोडायचं, याची पाळी लावून ते चिठ्ठी छापतं. सानगडीच्या तळ्यावर ट्रायल आहे. ती झाली की जिल्ह्यातल्या शेकडो तळ्यांवर जलकवच. पाटबंधारे ऑफिसातल्या साहेबांनी जवळजवळ शब्द दिला आहे. म्हणाले, पाहू.

६ सप्टेंबर
भाची दामिनी आली. बहिणीची मुलगी, कॉम्प्युटर शिकलेली, तेवढ्यावर उडते. म्हणाली, मामाजी, तुम्ही एकटेच कायले मरमर करून राहिले? गोंदियाचे दोन मास्तर आणि मी हेच बनवून राहिलो. सगळं उघडं ठेवलं आहे. कोणीही पाहावं, वापरावं, सुधारावं आणि सुधारलेलं परत द्यावं. याला म्हणे ओपन सोर्स म्हणतात.

शी! एसटी स्टँडवर माठाला साखळीनं बांधलेला ग्लास असतो, तो आठवला. ज्यानं त्यानं तोंड लावायचं. चहा अर्धा ठेवला.

शिवाय गोंदिया! भंडाऱ्यातून तो जिल्हा वेगळा झाला तेव्हा तळी वाटली, फायली वाटल्या, कपाटं वाटली. ही पोरगी आता परत खिचडी करायला निघाली. म्हणते, पाणी दोन्हीकडे सारखंच वाहते, मग तेच काम दोनदा काहून करायचं? हिला प्रशासन कळत नाही.

१० सप्टेंबर
जलकवचमध्ये सुरक्षेचा मोठा निर्णय. शेतकऱ्यांची नावं कुठेही येणार नाहीत. फक्त क्रमांक. प-१ ते प-१६४. कोणाला पाणी कधी मिळणार हे उद्या शत्रूच्या हाती लागलं तर? कोणता प म्हणजे कोण, हे फक्त एका वहीत, माझ्या अक्षरात. कॉम्प्युटरवर ठेवणार नाही, चोरी होते. दामिनीच्या टोळीला हे सुचलं असतं का? कधीच नाही.

१४ सप्टेंबर
साहेबांची भेट. त्यांनी विचारलं, मधुकरराव, उद्या तुम्ही नसलात तर हे कोण चालवणार? काय प्रश्न आहे! मी कशाला नसेन? बीपी नॉर्मल आहे. मी सांगितलं, साहेब, आतलं एक अक्षर कोणाला कळणार नाही अशी व्यवस्था केली आहे. साहेबांनी चष्मा काढून पुसला. प्रभावित झाले असावेत.

नंतर कळलं की माझ्याआधी दामिनी त्यांना भेटून गेली होती. तिनं म्हणे सांगितलं की उघडं असलं की ऑफिस एका माणसाच्या दाराशी अडकत नाही. बिघडलं तर भंडाऱ्यातला कोणताही जाणकार दुरुस्त करेल. वरून उदाहरणही दिलं. साकोलीकडच्या एका भात गिरणीवाल्यानं तिचा कोड उचलून धानाच्या गाड्यांची रांग लावली. गिरणीत भांडणं थांबली. त्यानं मराठी छपाईत मोडणारी जोडाक्षरं आपल्या माणसाकडून दुरुस्त करून घेतली आणि ती दुरुस्ती परत पाठवली. ती आता गोंदियालाही चालते. म्हणजे आधी उचलायचं आणि वर भेट पाठवायची! अशा व्यवहाराची मला किळस येते. माझ्या चिठ्ठीवरची जोडाक्षरं मोडतात, पण ती माझी स्वतःची मोडतात.

२३ सप्टेंबर
पाऊस निघून गेला. धान लोंबीवर आलं आहे. आता तळ्याचं एक पाणी मिळालं तर पीक, नाहीतर तणीस, नुसता पेंढा. सानगडीहून रोज फोन. पाणी वाटणाऱ्या सुखरामनं विचारलं, साहेब, चिठ्ठ्या कवा येतीन? धानाच्या बांधीत भेगा पडून राहिल्या. त्याला शांत राहायला सांगितलं. ट्रायल ४ ऑक्टोबरला. ट्रायलआधी सामान बाहेर जात नाही, हा फॅक्टरीचा शिरस्ता आहे.

३ ऑक्टोबर
सगळं तयार. चिठ्ठ्या छापल्या. वही अशा ठिकाणी लपवली आहे की खुद्द ब्रह्मदेवाला सापडणार नाही. जागा इथेही लिहीत नाही.

४ ऑक्टोबर, सकाळी ५.३०
वही सापडत नाही. घाबरण्याचं कारण नाही. चिठ्ठ्या आहेत.

४ ऑक्टोबर, संध्याकाळी
सानगडीची माणसं अडाणी आहेत. तळ्याच्या बांधावर दीडशे लोक जमलेले. साहेब हजर. दामिनीही तोंड घेऊन आलेली. मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा सुखरामच्या हातात दिला. त्यानं एक चिठ्ठी वाचली, उलटी करून पाहिली आणि म्हणाला, साहेब, ह्या कागदावर मानूसच नाही. मी पानी कोनाले सोडू? मी सांगितलं, प-३७ ला. तो म्हणाला, प-३७ कोन हाय? मी म्हणालो, गोपनीय आहे.

दीडशे माणसं माझ्याकडे पाहत राहिली. प-३७ कोण ते मलाही सांगता येईना. क्रमांक लावताना मी नावं मुद्दाम उलटीपालटी केली होती. फक्त प-१ चा पत्ता लागला, कारण नमुना म्हणून मी सुखरामला त्याचा स्वतःचा क्रमांक कानात सांगितला होता. साहेब म्हणाले, निदान ह्याला तरी पाणी सोडा. सुखराम म्हणाला, मले एकट्याले नको. गावाची बांधी वाळून राहिली आणि मी पानी घेऊ? तोंड कसं दाखवू?

पाणी सोडलंच नाही. पोरं सुखरामला प-वन, प-वन म्हणून चिडवत होती. परतीच्या जीपमध्ये साहेब पुढे बसले आणि मला मागे, खताच्या पोत्यांसोबत बसवलं. पँटला अजून वास येतो.

ट्रायल ऐंशी टक्के यशस्वी. चूक फक्त नावांची. सानगडीचा विषय बंद. यापुढे आठवायचंही नाही.

५ ऑक्टोबर
वही नाही. माळा पाहिला, धानाची कोठी पाहिली, देवघर पाहिलं. दुर्गाबाई म्हणाली, अहो, काय हरपलं ते तर सांगा, मी पाहते. सांगितलं नाही.

६ ऑक्टोबर
दामिनीनं दोन दिवस सानगडीत बसून यादी केली. म्हातारी माणसं तोंडानं शेतं सांगत होती, ही मोबाईलवर भरत होती, गोंदियाचे मास्तर तिकडून तपासत होते. शेवटच्या शेताला पाणी पहिलं द्यायचं, असा म्हणे तिथला जुना नियम आहे. सुखरामनं सांगितला आणि तिनं तासाभरात बसवला. म्हणजे पाणी वाटणारा माणूस सॉफ्टवेअर सुधारणार! उद्या सकाळी सातला पाणी सुटणार. चिठ्ठ्यांवर ठळक नावं. लाज नावाची गोष्ट नाही.

यादी सगळ्या जगासाठी उघडी आहे. संकल्प : आज बसून तिच्यातल्या चुका काढायच्या आणि दामिनीची अब्रू चव्हाट्यावर मांडायची.

६ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.४०
चूक सापडली! शेतं २१२, पाळ्या २०१. बत्तीस वर्षं मोजलेलं वाया जात नाही. ज्यांची शेतं नहराच्या दोन्ही बाजूंना आहेत, त्यांना हे सॉफ्टवेअर एकच पाळी देतं. अकरा घरांचं दुसऱ्या बाजूचं धान वाळणार होतं.

चुका लिहायची जागा होती तिथे लिहिलं : ही घोडचूक आहे, करणाऱ्यांना शरम वाटली पाहिजे. अकराच्या अकरा शेतं लिहून दिली. अर्थात नाव दिलं नाही. गोपनीय नाव घेतलं, प-१. पहिला क्रमांक दुसऱ्या कोणाला शोभणार?

६ ऑक्टोबर, ६.२५
दुरुस्त झालं. खाली गोंदियाच्या मास्तरनं लिहिलं आहे : प-१, तुम्ही अकरा घरांचं धान वाचवलं. मनापासून आभार. आणखी काही दिसलं तर सांगत जा.

मी भांडायला गेलो होतो. आभार मानतात! किती कणाहीन माणसं. ते वाक्य चार वेळा वाचलं, नीट खात्री करावी म्हणून.

१५ ऑक्टोबर
आणखी सहा चुका काढल्या. सहाही दुरुस्त. कोणी चिडतच नाही. बत्तीस वर्षांत स्टोअर्समध्ये माझं इतकं कोणी ऐकलं नव्हतं. अर्थात मी हे फक्त त्यांना उघडं पाडायला करतो.

२ नोव्हेंबर
सानगडीचं धान वाचलं. ऑफिसनं दामिनीचं सॉफ्टवेअर घेतलं. जलकवच परत आलं, पाकीटसुद्धा न फोडता. समारंभ १६ तारखेला आहे. पत्रिकेत लिहिलं आहे, 'प-१ यांचा विशेष सत्कार'. म्हणजे त्यांनी शोधून काढलं! कोट इस्त्रीला टाकला. भाषण तयार. सुरुवातीला थोडा नकार देईन.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळी
साहेबांनी माईकवर प-१ पुकारलं. मी उठलो. साहेब म्हणाले, वा, मधुकरराव उठलेच आहेत, ज्येष्ठ आहेत, शाल त्यांच्याच हातून देऊ. आणि पोरांनी ढकलत ढकलत सुखरामला स्टेजवर आणलं.

तो माईकवर सांगत होता, मी काहीच नाही केलं बाप्पा, मले तं मोबाईलवर फोटोबी पाठवता येत नाही. लोक म्हणाले, पाहा, किती नम्र आहे. प-वन, प-वन म्हणून टाळ्या पडल्या. मी त्याला शाल घातली. नारळही दिला. फोटोत माझा हात आला आहे.

घरी येताना दामिनीला सांगितलं की प-१ मी आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, मामाजी, त्या गरिबाले एक शाल भेटली, तेही तुम्हाले पाहवत नाही काय? दुर्गाबाई मान फिरवून बसली. मी म्हणालो, पुरावा आहे. माझ्या वहीत सगळं लिहिलेलं आहे. वही सापडू दे, मग बोलू.

२५ नोव्हेंबर
थंडी पडली. दुर्गाबाईनं दिवाणातून रजया काढल्या. सर्वांत खालच्या रजईच्या घडीत वही होती. मी सगळ्यांना हाक मारली. दामिनीला फोन करून बोलावून घेतलं. चष्मा लावला आणि पहिलं पान मोठ्यानं वाचायला घेतलं.

माझ्याच अक्षरात, लाल शाईत, खाली दोन रेघा मारून लिहिलं आहे : प-१, सुखराम, सानगडी.