आईच्या आवाजाच्या दोन ओळी

बर्लिन, ३ मार्च

चि. हेनिंग यास अनेक आशीर्वाद.

बाबांचे कान जात चाललेत हे वाचून मला जेवणच गेलं नाही. ते पुरते जायच्या आत आईच्या गाण्याची टेप त्यांना खरखरीशिवाय ऐकवायचीच. ती गेल्यापासून तेवढाच तिचा आवाज उरलाय. खरखर काढणारं माझं प्लगिन, म्हणजे तो छोटा जोड-प्रोग्राम, तुझ्या गाणी वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बसव. टेपची फाइल केली की आवाजाचे आकडे होतात; ते मी डाव्या कानाचा, उजव्या कानाचा, डावा, उजवा असे आळीपाळीने घेते. तुला म्हणे दोन्ही कानांच्या वेगळ्या ओळी हव्यात. अरे, फायलीत आळीपाळीनेच असतात! हट्टी मेला.

बाबांना माझा पापा. माया आहे तशीच आहे.

तुझी ताई, फ्राउके

ग्योर्लित्स, ९ मार्च

ती. ताईस सा. न.

हट्टी कोण ते शेजाऱ्यांना विचार! फायलीत काहीही असो, माझं सॉफ्टवेअर प्रत्येक कानाची ओळ वेगळीच देतं. तुझ्यासाठी ती क्षणोक्षणी विसकटायची नि पुन्हा लावायची, यात बाबांच्या म्हाताऱ्या संगणकाचा दम निघतो आणि आई मध्येच तुटते. सलग ओळ मिळाली तर तोही भराभर चालेल. बाबा रोज कॉफी झाली की हेडफोन लावून बसतात आणि आई तुटली की काढून ठेवतात. मला बघवत नाही गं. एवढं ऐक ना.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

हेनिंग

बर्लिन, १४ मार्च

चि. हेनिंग यास आशीर्वाद.

हरले रे! ओळी वेगळ्या केल्या. तपासत बसले नाही, लगेच ऐकव.

ताई

ग्योर्लित्स, १८ मार्च

ती. ताईस सा. न.

काय करून ठेवलंस! तुझं प्लगिन वेगळ्या ओळी मागतं खरं, पण आत अजून आळीपाळीनेच वाचतं. एक आकडा घेतं, एक सोडतं. आवाज दुप्पट उंच झाला आणि आईची चिमुरडी झाली; अडखळत, बोबडं गात सुटली. मी बंद करायला धावलो, तर बाबांनी हात धरला. म्हणाले, थांब रे, ही इर्मा आहे, तुझी आई व्हायच्या कितीतरी आधीची, पहिलीतली, माझ्या पुढच्या बाकावरची. मग हसता हसता रडले. आता रोज हिलाच मागतात.

पण ताई, मला आपली आई हवी आहे. दुरुस्त करून पाठवतेस ना?

तुझा वेडा भाऊ, हेनिंग

बर्लिन, २३ मार्च

चि. हेनिंग यास खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र ट्राममध्ये वाचलं आणि डोळे मिटले. समोर आपल्या गावची नायसे नदी, तिच्यावर धुकं होतं. काठाने ती चिमुरडी आई दोन वेण्या उडवत चालली होती, आणि मीच तिची आई असल्यासारखी मागून हाका मारत होते. माझा थांबा कधी मागे गेला कळलंच नाही.

दुरुस्ती झाली आहे. ती पाठवत नाही. इथल्या कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, म्हातारपणी उंच सूर आधी जातात. म्हणजे बाबांची इर्मा आधी जाणार. तोवर त्यांना तिला ऐकू दे. ती ऐकू येईनाशी झाली की मला कळव.

मग आईला पाठवते.

तुझी ताई