नव्व्यांची जोडी

१० मार्च

चि. धाकट्यास, ताईचे आशीर्वाद, रागासकट.

काल, रविवार ९ मार्च रोजी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर तू माझा अपमान केलास. घड्याळ तूच दुरुस्त करून दिलेलं आहे, तेव्हा वेळेबद्दल वाद नको.

पत्त्यांचा डाव रंगलेला, हातात दोन-दोन पानं आणि समोर दोघांची म्हणून तीन पानं उघडी होती. मी नेहमीसारखी पैशांच्या जागी दोन बटणं लावली. तू एक सुस्कारा सोडलास आणि हातातली दोन्ही पानं पालथी टाकून दिलीस. डाव मला मिळाला. तू आणि तुझी बायको बस पकडायला गेल्यावर पत्त्यांचा जोड आवरताना तुझी पानं उलटली, तर दोन नव्व्या! माझ्याकडे सत्त्यांची जोडी होती. तू जिंकत होतास.

मधल्या जोडीचं दुखणं मला शिकवू नकोस. एक्क्यांच्या जोडीचा तोरा तिला नाही आणि दुर्र्यांसारखी बिनदिक्कत फेकूनही देता येत नाही. पण आपल्याकडे बोली बांधलेली. आधी दोन बटणं, पुढे चार, त्यावर कुणाची मिजास चालत नाही. दोन बटणांसाठी नव्व्या कोण टाकतं? ज्याला समोरच्याची कीव येते तो. सहा रविवार मी हरतेय, यजमान गेल्यापासून घरात एकटी आहे, म्हणून म्हातारीला एक डाव सोडून द्यावा, असंच ना? डाव बघत बसलेल्या शेजारच्या कंपाउंडरांनाही मी विचारलं. ते म्हणाले, जाऊ द्या ताई, भाऊ आहे. म्हणजे त्यांनाही कळलं!

मला हरायचा कंटाळा आलाय हे खरं. सगळ्याचाच आलाय. पण जिंकवून घेण्याइतकी मी थकलेली नाही. खुलासा कर.

लोभ आहे. तो वाढवायचा की आटवायचा ते तुझ्या उत्तरावर.

ताई

१३ मार्च

ती. ताईस, धाकट्याचा शि. सा. न., दोन्ही कान धरून.

पत्र मिळालं. बायकोने मोठ्याने वाचून दाखवलं, तुझा आवाज काढून. चहा सांडला.

ताई, टाकलेली पानं उलटून बघायची नाहीत हा नियम तुझाच. लहानपणी त्यावरून माझ्या पाठीत धपाटा घातला होतास. तो आता परत करू का?

कीव कसली? पहिल्या तीन पानांतच दोन दश्श्या उघड्या पडल्या आणि वर तू तोऱ्यात बटणं सरकवलीस. मी समजलो, तिसरी दश्शी तुझ्या हातात. मग नव्व्या मेल्याच. मेलेल्या जोडीमागे आधी दोन, मग चार, मग परत चार बटणं जातात, हे तूच घोकून घेतलं होतंस. शिकवल्यासारखं वागलो तरी शिव्या!

बाकी ठीक. दुकान हल्ली दहाला उघडतो, उजेड बरा असतो. मनगटी घड्याळं घेणं बंद केलंय, भिंतीवरची तेवढी घेतो. चाळीस वर्षं तेच तेच स्क्रू, मान भरून येते. मुलगी फोनवर म्हणते, बाबा, दुकान विका आणि इकडे या. तिला काय सांगायचं? काट्यांशिवाय मला दुसरं काही येत नाही.

या रविवारी जमेल असं वाटत नाही. बसचा प्रवास नको वाटतो. राग गेला असेल तर कळव, नसेल तर धुमसत बस.

तुझ्या धाकाखाली वाढलेला,
धाकटा

१५ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद शेवटी.

उघडी पानं होती बदामाची अठ्ठी, चौकटची अठ्ठी आणि किलवरची तिर्री. दश्शी एकही नव्हती. मला खात्री होतीच, तरी कंपाउंडरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, दोन अठ्ठ्या, लाल.

नवी सबब शोधू नकोस. बस. आता मी बोलते.

टपाल कचेरीत एकतीस वर्षं मी पाकिटांवरचे कुणाला न लागलेले पत्ते वाचले. दारुडे, घाईतले, थरथरत्या हाताचे, सगळ्यांचे. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. रेघांचा कागद असून ओळी रेघ सोडून वर चढल्यात. ‘मुलगी’वर ‘दुकान’ बसलंय. तिकीट उलटं. माझा पत्ता तेवढा सरळ, कारण तो तुझ्या हाताला पाठ आहे. आणि माझं पत्र बायकोने का वाचून दाखवलं रे? माझं अक्षर तर शाळेतल्या सिस्टरांनी पट्टी मारून वळवलेलं आहे, आंधळ्यालाही लागेल.

हा शब्द लिहिताना माझा हात थांबला. तरी खोडत नाही.

कधीपासून दिसत नाही? मनगटी घड्याळं बंद केलीस तेव्हापासून? मुलगी दुकान विकायला लावेल म्हणून लपवलंस, एवढं मला कळतं. पण मलाही? मी कीव करीन असं वाटलं? बघ, आपण दोघं एकाच आईची.

कीव केल्याचा आरोप मी मागे घेते. लपवल्याचा नवीन लावते. हा मोठा आहे.

न बघता पानं टाकायची नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे बोली बांधलेला डाव आहे, फार तर दोन बटणं जातील, आणि पुढचं पान तरी दिसेल. इलाज असेल तर उशिराने तोही हातचा जाईल. मंगळवारी सकाळी अकराची वेळ मी घेतली आहे. बायकोला बरोबर ने, तिला सगळं माहीत आहे हे मला माहीत आहे. मुलीला मी काही सांगणार नाही. दुकानाचं नंतर बघू, भांडायला आपल्याला दुसरं आहे काय?

ठळक आकड्यांचा नवा जोड आणलाय. जुन्यातल्या दोन नव्व्या तुझ्या नावाने बाजूला ठेवल्यात.

अनेक आशीर्वाद, या वेळी बिनरागाचे.

डॉक्टर काय म्हणाले ते मला लेखी हवं. फोन नको, फोनवर तू गोड बोलतोस. बायकोच्या हातचं नको. तुझ्या हातचं, ओळी वाकड्या आल्या तरी चालतील, वाचायला मी आहे. गुरुवार, २० मार्च, संध्याकाळी पाचच्या टपालापर्यंत.

ताई