दुसऱ्या सीटवरची टाकी

प्रिय मार्लिस,

तुझ्या अलास्कात एव्हाना बर्फ पडायला लागलं असेल. इथे आयोवात मका अजून शेतात उभा आहे, वाळून कडकडीत झालेला. वारा सुटला की धावपट्टीच्या दोन्ही बाजूंनी कुणीतरी कागद चुरगळतंय असा आवाज येतो. आपल्या धावपट्टीवरच्या जुन्या दोस्ताला, रुबेनला, आता जवळजवळ दिसत नाही. तरी शनिवारी सकाळी विमानांच्या हँगरच्या दारात खुर्ची टाकून बसतो आणि उतरणारं विमान कुणाचं ते नुसत्या आवाजावरून सांगतो. परवा एक अनोळखी विमान आलं, तेव्हा जरा वेळ कान देऊन म्हणाला, "मार्लिस नाही." त्याला कुणी विचारलं नव्हतं. मी कॉफी ओतत होतो, ती ओतत राहिलो.

तुझा ड्वेन गेल्यावर त्याचं अर्धवट विमान तू विकून टाकशील, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. पंख झाले होते, शेपूट झालं होतं, मधला सांगाडा मात्र उघडाच होता. आणि तू आलीस ती दालचिनीचे रोल घेऊन. मला म्हणालीस, "घरी विमानं बांधणाऱ्यांना पेट्रोलच्या टाक्या-नळ्या तू आखून देतोस म्हणे. मलाही दे. नवऱ्याचं काम मी पुरं करणार आहे." रुबेननं लगेच तोंड घातलं, "बाई, घरातला नळ गळायला लागला तर काय करतेस?" तू त्याच्याकडे न बघता म्हणालीस, "तुझ्या बायकोला विचार. तुमच्याकडचा मीच दुरुस्त केलाय." त्या दिवसापासून तो तुझा भक्त झाला, हे तुला ठाऊक आहेच. माझं काय झालं, ते मी कधी बोललो नाही.

ते हिवाळे मला अजून जसेच्या तसे आठवतात. शेगडी पेटवली तरी हँगरमध्ये बोटं गारठायची. तू नळीचं एक टोक धरायचीस, दुसरं मी वाकवायचो. ड्वेनबद्दल तू मोकळेपणानं बोलायचीस आणि मला ते ऐकायला आवडायचं, कारण त्याच्यावरून तुला काय आवडतं ते कळायचं. मग तुझ्या लेकीला, कारिनला, तिकडे अलास्कात मुलगी झाली आणि तू म्हणालीस, "नुसतं उडून भागायचं नाही. मला अलास्कापर्यंत जायचंय. वाटेत उतरायच्या जागी धुकं असलं तर मागे फिरण्याइतकं पेट्रोल हवं." म्हणजे जादा टाकी आली. ड्वेननं पंख रिव्हेट मारून बंद केलेले, त्यांत काही करता येत नव्हतं. मागे ठेवली तर शेपूट जड होणार. मी बरेच कागद खराब केले. टाकी बसण्यासारखी जागा एकच उरली, तुझ्या शेजारची सीट. तुला आराखडा दाखवला, तेव्हा तू टाकीच्या चौकोनावर बोट ठेवलंस. "मग दुसरा माणूस कुठे बसणार?" असं विचारलंस. मी म्हणालो, "बसणार नाही." तू म्हणालीस, "बरं." रुबेन मात्र गप्प बसला नाही. "काय रे हार्लन," म्हणाला, "बाईच्या शेजारी बसवायला तुला पत्र्याचा डबाच सापडला?" तू हसलीस. मीही हसलो, आणि स्क्रू खाली पडल्याचं निमित्त करून सीटखाली वाकलो.

तुला मी परत परत एकच सांगत होतो, या टाकीतलं पेट्रोल इंजिनला थेट द्यायचं नाही. आधी पंपानं मुख्य टाकीत आणायचं, आणि तेही मुख्य टाकी निम्मी भरलेली असतानाच. म्हणजे काही बिघडलंच, तर घरी परतण्याइतकं उरतं. तू कंटाळून म्हणायचीस, "पाठ झालंय रे मास्तर." पहिल्या चाचणीला तू एकटीच वर गेलीस. दुसरी जागाच नव्हती. मी खाली रेडिओ घेऊन उभा. पंप चालू केल्याचं तू सांगितलंस. थोड्या वेळानं तुझा आवाज आला, "हार्लन, इथे काहीतरी धाडकन वाजलं. टाकीची बाजू आत गेलीय आणि काचेच्या नळीतलं पेट्रोल हलत नाहीये." मी रेडिओ तोंडाशी नेला. पंप बंद कर आणि परत फीर, एवढंच कसंबसं म्हणालो. तू म्हणालीस, "फिरलेच आहे. निम्मी टाकी आहे ना." उतरलीस, टोपी काढलीस आणि म्हणालीस, "तुझ्या डब्यानं मला कोपरखळी मारली." टाकीत हवा येण्याची जी बारीक नळी बाहेर काढली होती, तिच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. हवा आत येईना आणि पंप ओढतच राहिला, म्हणून टाकी चेपली. मी नवी टाकी केली, हवेच्या दोन नळ्या काढल्या, दोन्हींना जाळी लावली. तू बाकावर बसून सफरचंद खात मला काम करताना बघत होतीस. ते काम मी मुद्दाम सावकाश केलं.

तू गेलीस ती सकाळ स्वच्छ होती. कारिनकडे महिनाभर राहून येईन म्हणालीस. मग नात लहान होती, मग दुसरी झाली, मग तू तिथेच घर घेतलंस. त्यात तुझं काही चुकलं नाही. माझी टाकी नीट चालली याचा मला अभिमान वाटला. ती कुठेतरी अडली असती तर तू मागे फिरली असतीस, हेही मनात येऊन गेलं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. परवा तू फोनवर निरोप ठेवलास, "हार्लन, ती टाकी काढतेय. नळी कशी बंद करू ते सांग, सीट परत बसवायचीय." तो मी पुष्कळदा ऐकला. तर असं कर. टाकी पूर्ण रिकामी कर, पंपाची वायर मुळापासून काढ. नळी मुख्य टाकीपाशीच सोडव आणि तिथे आटे पाडलेलं धातूचं टोपण फिरवून घट्ट बसव, चिकटपट्टीवर भागवू नकोस. मग विमानाचं वजन नव्यानं करून आकडे माझ्याकडे पाठव, तोल मी मांडून देतो. त्यासाठी मात्र सीटवर कोण बसणार आहे ते कळायला हवं. हे फोनवर विचारायला मला जमलं नसतं. कुणी ठरलं असेल, तर त्याचं वजन कळव, मी मनापासून हिशेब करून देईन. कुणी ठरलं नसेल, तर एकशे ऐंशी पौंड धर. मी आजच सकाळी माझं वजन केलं, जाड कोटासकट.

तुझाच,
हार्लन