शेवटच्या कुडूचं बिल्टाँग

२ जुलै
मांस वाळवायचा डिहायड्रेटर आला. पाच जाळ्या, मागे पंखा, पुढे काचेचं दार. सासरेबुवांनी त्यांच्या शेवटच्या कुडूची अख्खी मांडी माझ्या हवाली केली आहे. गुडघे गेले, बंदूक विकली. आता शिकार बंद. वीस तारखेला त्यांचे चार जुने शिकारी मित्र आमच्याकडे रग्बीची मॅच बघायला येणार आणि या हरणाचं बिल्टाँग, म्हणजे मसाला लावून वाळवलेलं मांस, सगळे मिळून खाणार. मेव्हणा हाइन वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये तारेवर मांस वाळवतो. त्याला दिलं नाही, मला दिलं. म्हाताऱ्याला माणसांची पारख आहे. वाया घालवलंस तर मुलगी परत नेईन, असंही म्हणाले. प्रेमळ माणूस.

३ जुलै
पट्ट्या कापल्या. व्हिनेगर, मीठ, मिरी आणि भाजून भरडलेले धणे चोळले. बायको मार्लीझ म्हणाली, व्हिडिओ बघून कुणी खाटीक होत नाही, आधी ओटा पूस. ओटा उद्या.

५ जुलै
पहिली खेप तयार. बाहेरून काळसर, आत किंचित लाल. चाखणं भागच होतं. पहिल्या पट्टीत मीठ कमी वाटलं, दुसरीत जास्त. मग सरासरी काढावी लागली. निष्कर्ष: जमलंय.

८ जुलै
डाएट सुरू. डॉक्टरांनी पाव, बटाटा, बिअर बंद केलंय. बिल्टाँगचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही.

११ जुलै
दुसरी खेप झाली. सगळं वजन करून पाहिलं. वाळल्यावर मांस निम्मं होतं म्हणतात, माझं पाव झालं. मशीन भलतंच दमदार आहे. मुद्दाम हाइनला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, त्या मशीनला दात आहेत का बघ. जळतो मेला.

१४ जुलै
पिशवी हलकी लागतेय. कुत्र्यावर संशय. वाग्टरला चांगलं फैलावर घेतलं. मार्लीझ म्हणाली, त्या बिचाऱ्याच्या तोंडात एक दात उरला नाही, मक्याच्या पेजेवर दिवस काढतोय. मग विचारलं, तुझ्या गाडीच्या सीटवर धणे कुठून आले? असल्या फालतू चौकशीत मी पडत नाही.

१७ जुलै
सासरेबुवांचा फोन. झालं का, विचारत होते. एकदम फर्स्टक्लास, म्हटलं. मग म्हणाले, तो कुडू कळपाच्या मागे लंगडत होता आणि मी त्याच्या मागे लंगडत होतो, जोडी जमली होती आमची. मला गलबलून आलं. फोन ठेवल्यावर दोन पट्ट्या खाल्ल्या. दुःखात माणसाला काहीतरी आधार लागतोच.

१९ जुलै
आता हात लावणार नाही म्हणजे नाही. पिशवी कपाटावर ठेवली, शिडी गॅरेजमध्ये.

१९ जुलै, दुपार
शिडी स्वयंपाकघरात आणली. बल्ब बदलायचा होता.

२० जुलै, सकाळ
पिशवीत एक पट्टी. झाडून पाहिली, एकच. कुत्रा नाही, मशीन नाही. मीच. दुकानातून गाईचं बिल्टाँग आणायला निघालो होतो, पण या पाच जणांना वासावरून कळेल. अर्ध्या वाटेतून परत आलो.

२० जुलै, संध्याकाळ
आले. इस्त्रीचे शर्ट घालून आलेत सगळे. ताटलीत ती एक पट्टी ठेवली आणि मॅचबद्दल बोलत राहिलो. सासरेबुवांनी चाकू काढून तिच्या पाच पातळ चकत्या केल्या. टोप्या काढून प्रार्थना झाली. मग सावकाश चावत बसले. मॅच सुरू झाली तरी कुणी टीव्हीकडे बघेना. एकाने डोळे पुसले. सासरेबुवांनी लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, जावईबापू, आम्हाला कुणालाच इतकं छान जमलं नव्हतं. माझा ऊर भरून आला.

मग म्हणाले, चला, चव बघून झाली, आता बाकीचं आणा.

मी स्वयंपाकघरात आहे. दार लावून हे लिहितोय. बाहेरून मार्लीझ विचारतेय, पिशवी सापडत नाही का?