हिराजींच्या लेकीची फी

हेतलने पावती उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली आणि विचारलं, "काका, ही कुमुद हिराजी म्हात्रे तुमची कोण?"

"बायको," मी म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो. शेजारच्या टेबलांना ऐकू जावं अशी इच्छा होती आणि ते गेलं. "वकिलीच्या पहिल्या वर्षाला आहे. खारघरला."

"अरे वा," हेतल म्हणाली आणि पावती माझ्याकडे सरकवली. "पण मग नाही चालणार."

अप्पा, तुम्हाला नमस्कार घालायचा राहिला. तो इथे घ्यावा. गुडघा कसा आहे? तेल लावता की नुसतं उशाशी ठेवता? हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही "बरं हाय" म्हणता आणि ठेवता. पत्र असं ठेवता येत नाही.

तर आमच्या कंपनीत दर जानेवारीत करसवलतीचे पुरावे द्यावे लागतात. विम्याचे हप्ते, घराचं कर्ज, मुलांची फी. आमचा सत्यजीत शिकून नोकरीला लागल्यापासून फीचा रकाना माझा रिकामा होता. यंदा तो भरायला मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. हेतल हिशेब खात्यात आहे, माझ्या निम्म्या वयाची आहे आणि तिला नियम पाठ आहेत. फीची सूट फक्त स्वतःच्या मुलांसाठी मिळते. बायको त्यात बसत नाही. मागच्या टेबलावरचा निकेश म्हणाला, "काका, आडनाव वेगळं आहेच. लग्न झालेली मुलगी म्हणून टाका ना, कोण बघतंय?" मी त्याला म्हणालो, अरे, जिच्याशी तीस वर्षं भांडलो तिला कागदावर मुलगी करू? (हेतल हसली. निकेशला नंतर माझ्या डब्यातलं सुकटीचं कालवण दिलं नाही.)

तुम्हाला यातलं काही माहीत नाही, कारण आम्ही सांगितलं नाही. कुमुदने प्रवेश परीक्षा दिली तेव्हा मला ती भिशीला गेली आहे असं वाटत होतं. बी. ए. चे कागद लग्नाआधीचे, म्हणून प्रवेशही त्याच नावाने झाला. इथे करंजाड्यात तिला सगळे घरतवहिनी म्हणतात. कॉलेजात हजेरीला मात्र "म्हात्रे कुमुद हिराजी" असा पुकारा होतो. रोज तुमचं नाव तिथे घेतलं जातं आणि ती उठून "हजर" म्हणते.

पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तेव्हा प्राध्यापक उभे राहिले. त्यांना वाटलं, तपासणी समिती आली. मग ती पहिल्या बाकावर जाऊन बसली, तेव्हा तेही बसले. आता मुलं तिच्या वहीवरून अभ्यास करतात. गेल्या महिन्यात खोटं कोर्ट भरवलं होतं, सरावासाठी. हजेरीपासूनच मी तिथे होतो. समोर एक टाय लावलेला मुलगा, इंग्रजी फाडफाड. कुमुद हळू बोलली. वाळत घातलेल्या मासळीवर नजर ठेवावी तशी कागदांवर नजर. त्या मुलाला एकेक प्रश्न विचारत गेली आणि शेवटी त्याने स्वतःच आपल्या अशिलाची चूक कबूल केली. मी मागे बसून टाळ्या वाजवल्या. कोर्टात टाळ्या वाजवत नाहीत, असं मला दोनदा सांगण्यात आलं.

हेतलने परत पाठवलं ते मनाला लागलं. (दुःख रकमेचं नाही, मान राहिला नाही याचं.) म्हणून पनवेलला सीएकडे गेलो. त्यांनीही मान हलवली. नवऱ्याला नाही. तिला स्वतःलाही नाही. मग चष्मा काढून विचारलं, "त्यांचे वडील आहेत का? कर भरतात? मुलं आईबापांची. वयाची अट कुठे लिहिलेली नाही."

मी हसलो, अप्पा. उरणच्या गाळ्यांच्या भाड्यावर तुम्ही दरवर्षी कर भरता आणि दरवर्षी शिव्या देता. सूट देणारी जुनी करपद्धतही तुम्ही सोडलेली नाही, कारण दुसरी नवी आहे.

बी. ए. झाल्यावर कुमुदने वकिलीचं नाव काढलं, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "पोरीनं कोर्टाची पायरी चढायची नाय. आमी चढलो ती बास हाय." जमिनीच्या दाव्याने तुमची तरणी वर्षं खाल्ली, हे मला ठाऊक आहे. तुमचा राग खोटा नव्हता. तो तुम्ही जपून ठेवावा. मला एवढंच कळवायचं होतं की तुमची लेक हुशार आहे.

आपला जावई,
काशिनाथ घरत

ता. क. दुसऱ्या वर्षाची फी जूनमध्ये भरायची आहे. ती मी भरू शकतो. पण तुम्ही तुमच्या खात्यातून भरलीत तर सूट मिळेल. पावतीवर मधलं नाव तुमचंच आहे, काही बदलावं लागणार नाही. कोणी विचारलं तर "कर वाचवायला भरली" म्हणावं. शब्द मोडला असं होणार नाही. कुमुदला या पत्राचं ठाऊक नाही. ती मागणार नाही. पण हजेरीला ती कशी उठते ते मी पाहिलं आहे.

ता. क. दुसरा, सकाळी. पत्र टेबलावर राहिलं होतं. कुमुदने वाचलं. "जावयाच्या अर्जाला साक्षीदार नको का?" म्हणाली आणि खाली सही केली. कुमुद हिराजी म्हात्रे. आता चपला घालते आहे. पत्र तीच पेटीत टाकणार आहे.