लोकांचं मत टेलिफोनला, परीक्षकांचं व्हॉल्व्हला

वाशी, नवी मुंबई
फेब्रुवारी १९८४, शनिवार दुपार

ती. श्यामदादास,

सुचित्राचा तुला आणि वहिनींना वाकून नमस्कार. (इतक्या लांबून वाकलेलं दिसत नाही, पण हल्ली कंबर धरते, तेव्हा खरोखर वाकले आहे असं समज.) तुमच्या जर्मनीत, कोलोनला अजून बर्फ असेल. तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनींनी ह्यांच्यासाठी पाठवलेले लोकरीचे मोजे ह्यांना झाले नाहीत, मला झाले, पण वाशीच्या हवेत ते घालायचे कधी हा प्रश्न आहे. बाकी आम्ही सगळे खुशाल, म्हणजे प्रकृतीने. मनाने मी प्रजासत्ताक दिनापासून जागेवर नाही. फोडणी तडतडते आणि भाजी चिरायची राहिलेली असते. हे पत्र लिहितानाही मधेच उठून दाराची कडी बघून आले. कडी ठीक आहे.

दोष थोडा तुझा आहे, दादा. मागच्या उन्हाळ्यात तू लिहिलंस की तिकडे टीव्हीवर निरनिराळ्या देशांच्या गाण्यांची स्पर्धा असते, प्रत्येक देशाचे परीक्षक गुण देतात, पण स्वतःच्या देशाला द्यायचे नाहीत, आणि तरी शेजारी शेजाऱ्याला बरोबर सांभाळून घेतो. घरात बसलेल्या लोकांना कुणी विचारतच नाही म्हणून तू चिडला होतास. ते पत्र मी कौतुकाने हळदीकुंकवाला वाचून दाखवलं. (तुझी पत्रं मी दाखवते. तुझ्या गुडघ्याचा मजकूर गाळून.) ते आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या, सुभाषराव कारखानिसांच्या कानावर गेलं, आणि सव्वीस जानेवारीच्या सत्यनारायणाला दरवर्षी होणारी साधी गाण्याची स्पर्धा यंदा आंतरराष्ट्रीय पद्धतीने घ्यायचं ठरलं. ए, बी आणि सी या आमच्या तीन बिल्डिंगा म्हणजे तीन देश, आणि चौथा देश शेजारचं गाव. परीक्षकाने आपल्या बिल्डिंगला गुण द्यायचे नाहीत. शिवाय तुझी तक्रार राहू नये म्हणून निम्मं वजन परीक्षकांना आणि निम्मं लोकांना.

मी नाव दिलं. का दिलं ते मला विचारू नकोस. लग्नानंतर मी देवघरापलीकडे गायलेले नाही आणि तिथेही देव सोडून कुणी ऐकलेलं नाही. पण यादी फिरत दारात आली तेव्हा हे अंघोळीला गेले होते, विचारायला कुणी नव्हतं, आणि माझ्या हाताने सही झाली.

आता लोकांच्या मतदानाची गंमत ऐक. चिठ्ठ्या कोण वाचत बसणार, म्हणून प्रत्येकाला एक सुपारी. टेबलावर प्रत्येक गाणाऱ्याचा स्टीलचा डबा, आणि डब्यामागे गाणारा स्वतः हात जोडून उभा. (सुभाषरावांचं म्हणणं, मत देणाऱ्याचे आभार तिथल्या तिथे मानता आले पाहिजेत.) म्हणजे गुप्त असं काही नाहीच. शेजारच्या डब्यामागे पलीकडच्या बिल्डिंगमधल्या वैजयंती देवधर उभ्या. तिन्ही बिल्डिंगांत मिळून टेलिफोन एकच आहे आणि तो वैजयंतीबाईंकडे आहे. सगळ्यांच्या माहेरचे, ऑफिसचे, दवाखान्यांचे निरोप त्यांच्या दिवाणखान्यातून येतात. माणूस सुपारी घेऊन पुढे आला की त्या गोड आवाजात म्हणत, "तुमच्या मेव्हण्यांचा परवा फोन आला होता, मी लगेच निरोप दिला ना हो?" की पडली सुपारी. पानाची सवय असलेल्या बऱ्याच जणांनी तर रांगेत उभ्या उभ्या आपलं मत चावून खाल्लं. ए बिल्डिंगच्या एका आजोबांनी अडकित्ता काढून निम्मं मत शेजाऱ्याला दिलं.

मग हे आले. ह्यांच्या पावणे गावातल्या कारखान्यात काही बिघडलं की बोलावणं त्याच फोनवर येतं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, वैजयंतीबाईंकडे पाहिलं, खिशातला रुमाल काढून उगाच कपाळ पुसलं आणि सुपारी त्यांच्या डब्यात टाकली. घरी आल्यावर म्हणतात, "स्वतःच्या देशाला मत द्यायचं नसतं. तुझ्या दादानंच लिहिलंय!" तो नियम परीक्षकांना आहे, लोकांना नाही, हे मी सांगेपर्यंत ह्यांनी पेपर उघडला होता.

लोकांत अर्थातच वैजयंतीबाई पहिल्या आणि मी दुसरी. (मी दुसरी कशी, तर आमच्या मजल्यावरच्या बायकांना वाईट वाटलं म्हणून.)

परीक्षकांत मात्र उलट, मी पहिली आले आणि वैजयंतीबाई दुसऱ्या. दादा, माझा आनंद कसा असेल! रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी गावच्या परीक्षक यशोदाबाई मासळीची पाटी घेऊन दारात आल्या तेव्हा मी त्यांना चहा दिला आणि लाजत विचारलं, "माझं गाणं तुम्हाला एवढं आवडलं?"

"गाना?" त्या म्हणाल्या. "बाय, तिकरं पोरांचा गोंगाट कवरा! मना काय ऐकू नाय आला. पन तू गरीब हायस. देईन ती पापलेट घेतस. ती फोनवाली कल्ले उघरून बघते, बोटानं दाबून बघते नि मंग घेतच नाय. तिला मी गुन देव?"

ए बिल्डिंगच्या परीक्षकांना विचारायचं धाडस मी करणार नव्हते, पण ते जिन्यात स्वतःच म्हणाले, "वहिनी, आमच्याकडून पूर्ण गुण हं. आता सकाळी व्हॉल्व्ह जरा लवकर फिरवत चला." तिन्ही बिल्डिंगांच्या पाण्याच्या व्हॉल्व्हची चावी आमच्या घरी असते ना.

तेव्हा हिशेब असा झाला, की लोकांनी टेलिफोनला मत दिलं आणि परीक्षकांनी पापलेटला आणि पाण्याला. सबंध वसाहतीत गाणं ऐकलं कुणीच नाही. मी स्वतःला समजावते की तुमच्याकडच्या मोठमोठ्या देशांचंही असंच होत असेल, आपण कोण. पण भांडी घासता घासता हात थांबतो आणि वाटतं, मी कशी गायले? बरी गायले की नुसतीच गरीब आहे?

वैजयंतीबाई आणि मी अशा बरोबरीत आलो. पुन्हा मतदान घ्यायचं तर सुपाऱ्या संपलेल्या. शेवटी सुभाषरावांनी निकाल परदेशी परीक्षकाकडे सोपवायचं ठरवलं, आणि सगळ्यांना माहीत असलेला परदेशातला माणूस एकच, तो तू. मी म्हटलं, अहो तो माझा सख्खा भाऊ, हे कसं चालेल? तर वैजयंतीबाई हसून म्हणाल्या, "असू दे की भाऊ. लग्न झाल्यावर भावांना बहिणीचं अक्षर तेवढं ओळखता येतं. आवाज कुठला लक्षात राहतो?"

सगळे हसले. मीही हसले. तेव्हापासून मी अशी आहे.

सोबत कॅसेट पाठवते आहे. दोघींनी एकच गाणं म्हटलं आहे, नावं सांगितलेली नाहीत, आधी एक आवाज आणि मग दुसरा. सुभाषरावांच्या घरी टेपवर घेतलं, म्हणून मधे कुकरची शिट्टी आणि त्यांचा "गप रे!" ऐकू येईल. त्यांना गुण देऊ नकोस. निकाल मार्चच्या पहिल्या रविवारी सकाळी फोनवर सांगायचा आहे. फोन कुणाकडे येणार ते तू ओळखलंच असशील. सगळी कमिटी पोहे खायला तिथे जमणार आहे.

वहिनींना सांग, मोजे फार ऊबदार आहेत. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
सुचित्रा

ता.क. बक्षीस सहा ग्लासांचा लेमन सेट आहे. आमच्याकडे दोन आहेत. तेव्हा मनात काही न आणता जे योग्य वाटेल तेच सांग.

ता.क. खरं म्हणजे वैजयंतीबाईंनाच पहिला नंबर दे. त्या जिंकल्या नाहीत तर ह्यांचे निरोप उशिरा येऊ लागतील, आणि त्याही मनाने वाईट नाहीत. आपली आई गेली तेव्हा त्या भर उन्हात पायांत काही न घालता जिने चढून मला सांगायला आल्या होत्या. मी पहिली गायले की दुसरी, ते लिहिणार नाही. सुभाषरावांना शब्द दिला आहे.

ता.क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. दादा, निकाल काहीही सांग, पण रविवारी फोनवर आधी मला बोलावून घे. कॅसेटवरची मी तुला कळले असेन, तर तू मला लहानपणी ज्या नावाने हाक मारायचास त्या नावाने मार. ते नाव इथे कुणालाच माहीत नाही, ह्यांनाही नाही. कळले नसेन, तर सुचित्रा म्हण. मी सगळ्यांसमोर "हो दादा" म्हणेन आणि फोन सुभाषरावांना देईन.